देशाचा रकाना

ओमानमधल्या सलालाहच्या बंदरामागे आमच्या कंपनीचं गोदाम आहे. तिथून मी समुद्रापलीकडच्या एका शांतिसेनेला अन्नधान्य पाठवतो. दोन शेजारी देश एका दगडी पट्ट्यावरून भांडतात. त्या पट्ट्यावर शेळीसुद्धा धड जगणार नाही, पण दोघांच्याही शाळांतल्या नकाशांत तो आपापल्या रंगात रंगवलेला असतो. मध्ये निळ्या टोप्या घालून सैनिक बसलेत. शांतता राखायला काय लागतं ते मला मागणीपत्रकांवरून कळलं. तांदूळ, कांदे, दाढीचं सामान. आणि पदकं वाटायला कुणी बडा पाहुणा यायचा असला की लाल गालिचा, पांढरे हातमोजे, झेंड्यांच्या काठ्या. गालिचा नेहमी तातडीचा असतो. कांदे थांबतात.

त्यावरून शिव्या घालणारे गृहस्थ म्हणजे तिथल्या छावणीचे कोठारप्रमुख. रत्नागिरीकडचे मुसलमान, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे. दर गुरुवारी सकाळी त्यांचा फोन यायचा.

“काय रे भाऊ, कांदे धाडलेस की परत झेंडेच?”

“भाई, झेंडे चिरून रश्शात टाका.”

“टाकले असते. शिजत नाहीत मेले.”

यादी दहा मिनिटांत संपायची. मग मासे, पाऊस, त्यांची मुलगी. माझी बायको तिच्या नोकरीपायी पुण्यात. मुलगा मस्कतला शिकून परदेशी गेला, त्याचं मराठी ‘बाबा, जेवलात का’ इथे संपतं. ऑफिसात हिंदी, इंग्रजी, आणि काम अडलं की इन्शाल्ला. आठवड्यातलं माझं मराठी तेवढं गुरुवारचंच. भाईंना मी सहा वर्षांत पाहिलं मात्र नव्हतं.

यंदा खरीफच्या, म्हणजे इथल्या पावसाळ्याच्या, धुक्यात त्यांच्या मुलीचा निकाह ठरला. माल उतरवून रिकामं परतणारं विमान त्यांना सलालाहला आणणार, एक मुक्काम माझ्याकडे, दुसऱ्या दिवशी मुंबई.

“घावणे कर. आणि नारळाचा रस,” ते म्हणाले. “तुमच्याकडे नारळ आहेत ना, की तेही पाहुण्यांसाठी राखीव?”

विमान आमच्या कंपनीचं, म्हणून प्रवासाचा कागद माझ्याकडूनच निघायचा होता. आमच्या कामात एक नियम आहे: देशाचा रकाना कोरा ठेवायचा. छावणी त्या भांडणाच्या पट्ट्यावरच उभी आहे. एका देशाचं नाव लिहिलं की जमीन त्याची असं कबूल केल्यासारखं होतं, आणि दुसरा माल अडवतो. म्हणून नुसता छावणीचा क्रमांक घालायचा. प्रत्येक नव्या कारकुनाला हे मीच शिकवतो. पण माणसांसाठीचं नवं पोर्टल कोऱ्या रकान्यावर लाल होऊन अडून बसलं. हाताने लिहिलेल्या कागदाला चार दिवस लागतील, असं छावणीच्या कचेरीने कळवलं. विमान परवाचं होतं. त्या दोन देशांपैकी पोर्टलच्या यादीत जे आधी येतं ते नाव मी निवडलं. इतकी वर्षं ज्या जमिनीचा निकाल लागत नव्हता, तो मी अक्षरक्रमाने लावून टाकला.

त्या दिवशी रजा काढली. सकाळीच घावणे घालून, झाकून विमानतळावर गेलो. विमान उतरलं, रिकामे खोके उतरले. भाई उतरले नाहीत. वैमानिकाने सांगितलं ते असं: तिथली धावपट्टी दुसऱ्या देशाच्या हद्दीत आहे. तिच्या अलीकडच्या नाक्यावर पहारेकऱ्याने कागद वाचला. हा माणूस आमच्या जमिनीवरून येतोय आणि कागद म्हणतो ती त्यांची, म्हणून त्याने गाडी मागे फिरवली. सोबतच्या अधिकाऱ्याने वाद घातला, मग सलाम ठोकला. शांतता राखली गेली. तिथून निघायला दुसरी वाट नाही; पुढचं विमान अकरा दिवसांनी होतं, निकाह चार दिवसांवर.

संध्याकाळी मी फोन लावला.

“होतं असं,” भाई म्हणाले. “कागद कुणी केला होता रे?”

“पोर्टलनं केला, भाई. आपोआप निघतो तो.”

“बरं.”

एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. कागदाच्या तळाशी ‘तयार करणार’ म्हणून माझं नाव असतं आणि तो कागद त्यांच्या खिशात असणार, हे मला नंतर सुचलं. घावणे कडक झाले होते. तरी खाल्ले.

निकाह त्यांनी कोठारात उभं राहून मोबाइलवर पाहिला, असं वैमानिकाकडून पुढे कळलं. तीन देशांचे सैनिक मागे टोप्या काढून उभे होते म्हणे.

गुरुवारी फोन आला नाही. ई-मेल आला, इंग्रजीत. डिअर सर, सोबत यादी जोडली आहे. खाली हुद्दा. मी दुपारपर्यंत थांबलो, मग मोबाइलवर लिहिलं: ‘भाई, कागद मीच केला होता. घाई केली. आणि वर खोटं बोललो.’ दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या.

पुढच्या गुरुवारी सकाळी पुन्हा ई-मेल होता. डिअर सर, आणि खाली यादी.