दाजी आणि बारा वर्षांची बाटली

या पृथ्वीवर अशी एकही वस्तू नाही, जी आमचे दाजी उलटी करून बघणार नाहीत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. गाव देवणीजवळचं. देवणी बैलाची पारख करण्यात एके काळी चार तालुक्यांत त्यांचा हात धरणारा माणूस नव्हता. माळेगावच्या जत्रेला लोक गाडी पाठवून त्यांना नेत. आता गावात घरोघर ट्रॅक्टर झाले, त्यांच्या स्वतःच्या गोठ्यातली शेवटची जोडीही गेली, आणि बैल दाखवायला कोणी येत नाही. पण पारखायची खोड हातात राहिली, आणि तो हात एका जागी थांबत नाही. मिक्सर आणला तर त्याच्या पोटाखाली बोटं फिरवतील, मोबाईल घेतला तर हुंगून बघतील. पुतणीच्या सोयरिकीला गेले तेव्हा त्यांनी मुलाला शिक्षण विचारलं नाही, नोकरी विचारली नाही. "जरा त्या हिरीपर्यंत जाऊन या," एवढंच म्हणाले. तो बिचारा गेला आणि आला. "पाऊल बरं टाकतंय," असा निकाल देऊन दाजी उठले. म्हणजे उठले असं म्हणायची पद्धत. ते उभेच होते. जेवण सोडलं तर बसलेले दाजी मी कधी पाहिले नव्हते. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, अक्काशी भांडणसुद्धा अंगणात येरझारा घालत. चहापेक्षा कडक असं मात्र त्यांनी जन्मात काही तोंडाला लावलेलं नाही.

अशा माणसाला घेऊन मी व्हिस्कीची बाटली विकत घ्यायला गेलो. त्याला कारण आमचे सर. नांदेडला कॉलेजात असताना तीन वर्षं त्यांनी मला रोज संध्याकाळी गच्चीवर बसवून इंग्रजी पेपर मोठ्यानं वाचायला लावला. आमच्या घरात माझ्या आधी कोणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. मी आज लातूरला सरकारी कचेरीत खुर्चीवर बसतो, ती खुर्ची त्या गच्चीवरून आलेली आहे. पण सरांनी कधी कोणाचं काही घेतलं नाही. मी नेलेले पेढे त्यांनी वर्गात वाटले, शर्टाचं कापड शिपायाला दिलं, अक्कानं पाठवलेला तुपाचा डबा पुस्तकं भरून परत केला. रविवारी मात्र ते एक छोटा ग्लास घेऊन बसत. एकदा हसत म्हणाले, "नोकरी लागली की एक चांगली बाटली आण. शाल-नारळ आणलास तर दारातूनच हाकलीन." नोकरी लागून सहा वर्षं झाली. माझं धाडस होत नव्हतं. ज्या घरात तो शब्द उच्चारला तर कानाखाली बसे, त्या घरातला मुलगा दुकानात जाऊन मागणार काय? आणि चांगली कोणती, हे ओळखणार कसं? अशात कळलं की सर घर सोडून कायमचे पुण्याला मुलीकडं निघालेत. रविवारी दुपारी दोनला सामानाचा टेम्पो. मी अक्काला फोनवर सहज बोललो. रविवारी पहाटे सहाला दाजी लातूरला दारात हजर.

"इकत घ्यायची वस्तू हाय ना पाव्हणं? मग एकटे कसे जाता?"

"दाजी, दारूची बाटली आहे."

"आसंल की. डोळे हायेत ना मला?"

एसटीत त्यांनी सीट धरली ती हातानं, बसण्यासाठी नव्हे. अहमदपूरला उतरले, लोह्याला उतरले, दोन्ही वेळा कंडक्टरनं बेल मारली आणि दाजी धावत चढले. नांदेडला पोचायला साडेबारा झाले. पहिल्या दुकानातल्या माणसानं बाटली फडक्यानं पुसून दाखवली. "पुसून दावतोय म्हणजे खोट झाकतोय," असं म्हणून दाजी बाहेर. दुसऱ्या दुकानात बाटली फळीवर आडवी ठेवलेली होती. "बसलेलं जनावर घ्यायचं न्हाई." तिसऱ्या दुकानात शिरलो तेव्हा एक वाजून गेला होता आणि मी दर मिनिटाला घड्याळ बघत होतो.

लोखंडी जाळीच्या खिडकीतून एका चष्मेवाल्या माणसानं बाटली पुढं केली. पांढरं खोकं, वरचा भाग काळा. दाजींचा चेहरा खुलला. "वानेरा!" अंग पांढरं आणि तोंड काळं असलेल्या देवणी बैलाला वानेरा म्हणतात. त्यांनी बाटली बाहेर काढून उन्हात धरली, वजन तोललं, मानेवरून अंगठा फिरवला, बूड बघितलं. मग ती माझ्या हातात देऊन म्हणाले, "दहा पावलं चाला." मी भर रस्त्यावर व्हिस्की धरून चाललो. त्यांनी डुचमळणं बघितलं आणि मान डोलावली. खिडकीशी परत जाऊन खांद्यावरचा रुमाल दुकानदाराच्या हातावर टाकला आणि बैलबाजारात भाव करताना धरतात तशी त्याखाली त्याची बोटं धरली.

"मामा, हे काय करून राहिले?"

"भाव करून राहिलो. बोटं मोज."

"भाव खोक्यावर छापलाय मामा!"

"छापलेला भाव सांगायचा आसतो. घ्यायचा येगळा."

मागं रांग लागली. कोणीतरी ओरडलं, "मामाला एक पाजा रे, शांत होतील!" दाजींनी ऐकलंच नाही. "वय काय हिचं?"

"बारा वर्षं."

दाजींनी हात सोडला. "बारा? दात झिजले आसतील. बारा वर्षांचं भेट देतंय का कुणी? चार वर्षांचं दाव."

"चारवाली स्वस्त असते. हिच्यात जेवढं जुनं तेवढं भारी."

"म्हातारं महाग?"

"हाव. लाकडाच्या पिंपात गप पडून राहते. जेवढी राहील तेवढी मुरते."

 रुमाल खांद्यावर गेला. माझ्या हातातली बाटली त्यांनी पुन्हा एकदा उन्हात धरली. मग म्हणाले, "हीच द्या." दुकानदारानं सुटलो म्हणून वरून लाल फीतही बांधून दिली.

धापा टाकत सरांच्या घरी पोचलो तेव्हा टेम्पो भरून उभा होता. सर रिकाम्या खोलीत एका ट्रंकेवर बसले होते. मी वाटेत पाठ केलेलं भाषण विसरलो आणि नुसतं खोकं पुढं केलं. सरांनी चष्मा वर करून ते वाचलं आणि मागं सारलं. "अरे, ही फार महागाची. मी तेव्हा गंमत केली होती. परत करून ये, जा." सर हेही परत करतील, हे सहा वर्षांचं भय समोर आलं. खोकं माझ्याच हातात राहिलं.

बोलले दाजी. "सर, पारखून घेतलेलं परत न्हाई करत. खोट निघाली तर मला बोला."

"तुम्ही पारखलीत? काय बघितलंत?"

"रंग बघितला, चाल बघितली. वय बारा म्हणला, तवा सोडणार हुतो. पर तो म्हणला, गप एका जागी राहून मुरतंय, जितकं जुनं तितकं भारी. म्हणलं, आसं बैलाचं नसतंय. आसं फकस्त मास्तराचं आसतंय. मग घेतली."

 सरांनी दोन्ही हात पुढं केले. खोकं त्यांच्या हातात जाताच दाजींनी झटक्यात लाल फीत सोडवून खिशात घातली. "जनावर द्यायचं, दावं न्हाई. दाव्यासंगं घरची बरकत जाते." सर इतक्या मोठ्यानं हसले की टेम्पोवाला आत डोकावला.

पुढं आषाढाच्या अखेरीस सरांचा फोन आला. बाटली अजून तशीच होती. "तुझ्या दाजींना विचार, कधी फोडू?" हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मी दाजींच्या गावी गेलो. गोठ्यात आता मोटारसायकल असते. खुंटीला शेवटच्या जोडीची दोन दावी टांगलेली होती, आणि त्यांच्या शेजारी लाल फीत.

मी निरोप सांगितला. दाजींनी दोनदा विचारलं, "मला इचारलं? सरांनी?" मग ते उंबऱ्यावर बसले. अक्का आतून बघायला आली. हात गुडघ्यांवर ठेवून त्यांनी बराच विचार केला.

"पोळ्याला फोडा म्हणावं."

पोळ्याला अजून महिनाभर अवकाश होता. अक्कानं चहा आणला. दाजींनी तो बसूनच घेतला.