ठोसरांकडची तपासणी

दुपारचं जेवण झाल्यावर रघुवीर सबनीस आरामखुर्चीत टेकतात आणि मांडीवरच्या कागदांतल्या ओळी हळूहळू एकमेकींत मिसळू लागतात. मिरजेच्या ठोसर संगीत प्रकाशनाचा हा इतिहास. सबनीसांनी आयुष्यभर तिथे मुद्रितं तपासली, म्हणून नव्या मालकांनी लिहायची गळ त्यांनाच घातली. उद्या छपाई आणि घोडं अडलंय एका वाक्यावर: ‘संस्थापक भास्करराव ठोसर यांनी कंपनी आनंदाने सुपूर्द केली.’ मालकांना ते हवंच आहे. खरं काय, सबनीसांना ठाऊक नाही. भास्करराव तर गेले, विचारणार कुणाला?

भास्करराव समोर बसलेत. पुढ्यात पेटी, डोळे मिटलेले.

ठोसरांकडची रीतच होती. गाण्याची स्वरलिपी छापण्याआधी, ते गाणं कधीच न ऐकलेल्या माणसाला ती वाचून गायला लावायची. भास्करराव ऐकत. त्यांनी गाणं ओळखलं तर छापायचं, नाहीतर खिळे पुन्हा जुळवायचे.

“गा,” ते म्हणतात.

सबनीस सांगू पाहतात की हा इतिहास आहे, आणि आपण तर आरतीतसुद्धा नुसते ओठ हलवतो. पण कागदावर प्रत्येक शब्दाखाली स्वर उमटलेत. ते गाऊ लागतात. स्थापना, पेटी शिकवणारी पहिली पुस्तकं, भावगीतांचे संच. भिंती काचेच्या होतात. छापखान्याच्या जागी बँकेतली रांग आहे आणि रांगेतले सगळे मांडीवर ताल धरून उभे आहेत. ‘आनंदाने’वर सूर अगदी स्वच्छ लागतो.

“स्वर बरोबर आहेत,” भास्करराव म्हणतात. “पण हे गाणं कुठलं? मी ओळखलं नाही.”

“मग तुम्हीच सांगा ना, अण्णा. मनापासून दिलीत, की द्यावी लागली?”

“ऐकणाऱ्यानं चाल सांगायची नसते, सबनीस. जन्म इथे काढलात, हेही मीच सांगू?”

“उद्या छपाई आहे.”

“मग टाका छापून. तुमच्याकडे आता ऐकत बसतं कोण?”

सबनीस चिडतात. अण्णांवर चिडता येतं, हे त्यांना आजवर माहीत नव्हतं. ते ‘नाइलाजाने’ गाऊन बघतात. मग ‘रागाने’. मग ‘थकून’. स्टेशनच्या फलाटावर गातात, कृष्णेच्या घाटावर कमरेएवढ्या पाण्यात गातात. भास्कररावांचा चेहरा कोराच.

“पुन्हा,” ते म्हणतात.

फोन वाजतो. खिडकीत तीच दुपार. नव्या कंपनीतली ऋजुता विचारते, काका, ते वाक्य ठेवू ना? साहेब थांबलेत.

सबनीस बोलायला जातात, तर घसा पार बसलेला. जेवताना चांगला ठणठणीत होता.

“सर्दी झाली का काका?”

“‘आनंदाने’ काढ,” ते कसंबसं म्हणतात.

“आणि तिथे काय घालू?”

ते खाकरतात, पाणी पितात, पुन्हा खाकरतात. फोनवर ऋजुता वाट बघतेय. रात्रभर मैफल गाजवलेल्या माणसासारखा त्यांचा गळा नुसता खरखरत राहतो.