बांधराख्यांचं कूळ

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी खांदा कॉलनीतल्या घरी बसून एक अद्भुत कादंबरी लिहायला घेतली. समुद्राला थोपवून धरणारं एक घराणं, आडनाव बांधराखे. त्यांची वंशावळ रचताना मी रंगून गेले. मूळपुरुष समुद्रदेवाचा मुलगा, आणि हे आडनाव त्याला देवानंच दिलेलं. अकरा पिढ्या मोठ्या कागदावर मांडून तो मी जेवणाच्या टेबलावर पसरला होता.

दर बुधवारी उरणकडची मासेवाली मावशी दारावर येते. त्या दिवशी ती पाणी प्यायला आत आली आणि कागदाकडे बघत राहिली. मी सगळं समजावून सांगितलं.

"देव कशाला आडनाव देतोय?" ती म्हणाली. "आमचं तर मास्तरानी दिलं."

तिचा आजोबा पहिल्यांदा शाळेत गेला तेव्हा त्याला आडनाव सांगता येईना. मग बाप काय करतो, असं मास्तरांनी विचारलं. तो जे बोलला तेच त्यांनी पटावर लिहिलं. "तवापासून आमी सगली त्याच नावाची."

ती गेल्यावर माझं लिहिण्यात लक्ष लागेना. तीस वर्षं मीही पटावर आडनावं लिहिली होती. एका मुलीचं तर चुकीचं लिहिलं होतं, आणि दुरुस्तीसाठी तिचे वडील कितीदा तरी शाळेत येऊन गेले. मी त्यांच्यावरच वैतागले होते.

मी समुद्रदेव काढून टाकला. आता राजाचा कारकून येतो, गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या माणसाला "तू कोण?" म्हणून विचारतो. तो म्हणतो, "बांध राखतो." कारकून तेच लिहून घेतो.

पुढच्या बुधवारी मी हे मावशीला वाचून दाखवलं.

"बरा हाय," ती म्हणाली. "पन त्याची बायको कुठं हाय? बांधावर चिखल काय तो एकटाच टाकीत व्हता?"

मी कागद पाहिला. अकरा पिढ्यांत बायका फक्त 'पत्नी' म्हणून होत्या, तेही चारच ठिकाणी.

"मग कारकुनाला उत्तर तिनंच द्यावं का?" मी विचारलं.

मावशी खुर्चीवर टेकली आणि आपल्या आजीबद्दल बोलू लागली. भरतीनं बांध फुटला की ती पोर पाठीला बांधून चिखलाच्या पाट्या वाहायची. मी वही ओढली. त्या दिवशी बाकीच्या गिऱ्हाइकांना मासे फार उशिरा मिळाले.