मधल्या मापाची करवत

आयुष्यभर झाडांवर चढलेला माणूस पडला तो न्हाणीघरात. ओल्या फरशीवर पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं.

लोक त्याला शेंडेवाला म्हणत. इतरांची शिडी जिथे संपायची तिथून त्याचं काम सुरू व्हायचं. फांदी कुणाच्या छपरावर झुकलेली असो की शेजाऱ्याच्या खिडकीत घुसलेली, हा कमरेला दोर बांधून वर जायचा आणि हातकरवतीने ती कापायचा. खाली उतरवायची मात्र त्याची बायको. बुंध्याला दोराचा वेढा देऊन, सगळं अंग मागे टाकून, ती फांदी हळूहळू जमिनीवर टेकवायची. छपराला ओरखडा आला नाही याचं श्रेय लोक त्याला द्यायचे. तीही त्यालाच द्यायची.

हाड जुळलं, पण डॉक्टर म्हणाले, झाड विसरा. दूर दिलेली मुलगी फोनवर म्हणाली, "आई, बस झालं आता. दोघं इकडे या." आई म्हणाली, "बघू." तिच्या 'बघू'चा अर्थ 'नाही' असतो, हे मुलीला लहानपणापासून ठाऊक होतं.

कामासाठी लोक विचारत राहिले. ती प्रत्येकाला "सध्या बंद आहे" म्हणायची आणि तो पलंगावरून छताकडे बघत राहायचा. दिवसभर काही न करता संध्याकाळपर्यंत दोघं इतकी थकून जात, की जेवताना एकमेकांशी बोलायचाही कंटाळा यायचा.

शेवटी विषय त्यानेच काढला. "पोल सॉ घेऊ. लांब दांडा, टोकाला साखळीची करवत, पेट्रोलवर चालते. खाली उभं राहून कापायचं."

"पेलेल तुम्हाला?"

"न पेलायला काय झालं?"

तिने पुढे विचारलं नाही. घरातल्या करवती गंजत चालल्या होत्या, पण त्याच्या जिभेला मात्र रोज धार येत होती.

अवजारांच्या दुकानात ती दोघं सकाळीच पोहोचली. दुकानदार जुन्या ओळखीचा. त्याने आधी बॅटरीवरची दाखवली. आवाज नाही, धूर नाही, म्हणाला.

"आणि दुपारी चार्जिंग संपलं की वायर कुठे खुपसू, झाडात?" शेंडेवाला म्हणाला.

दुकानदार हसला आणि पेट्रोलवरच्या तीन काढून आणल्या. तिन्हींना हाताशी इंजिन, पुढे दांडा, टोकाला करवत. एक आखूड, एक मधली आणि एक एवढी लांब की दुकानाच्या दारातून तिरकी करून बाहेर न्यावी लागली. शेंडेवाल्याचा हात थेट सगळ्यात लांब करवतीकडे गेला.

त्याने आधाराची काठी भिंतीला टेकवली, खांद्यात पट्टा अडकवला आणि दांडा उचलला. टोक वर गेलं खरं, पण वर गेल्यावर थरथरू लागलं. त्याने दात आवळले. मानेवरची शीर फुगली.

"जड नाही," तो म्हणाला.

दुकानदार तिच्याकडे बघत नव्हता, त्याच्याकडेही नाही. जरा वेळाने त्याने हळूच विचारलं, "दादा, चालवणार कोण?"

"मी."

दांडा खाली आला. टोक फरशीवर आपटलं. त्याने काठी शोधायला हात मागे नेला, तो भिंतीवर चाचपडत राहिला. तिने काठी त्याच्या हातात दिली आणि दुकानदाराला म्हणाली, "मी चालवणार आहे."

हे घरी ठरलेलं नव्हतं. तिलाही ते तोंडातून बाहेर पडल्यावरच कळलं.

तिने मधली उचलली. उचलली आणि तशीच तिरकी धरून उभी राहिली. दुकानदार साखळीला तेल कसं मिळतं, पेट्रोलमध्ये ऑइल कसं मिसळायचं, हे सांगत होता. ती ऐकत होती, पण करवत खाली ठेवत नव्हती. पहिल्यांदा उचलताना काहीच जड नसतं, दुपारी काय होतं ते खरं, एवढं तिला खात्रीने माहीत होतं. दंड भरून आले तेव्हा तिने ती टेकवली. मग सुरू करून बघितली. पहिल्या झटक्याला स्टार्टरची दोरी अर्धीच आली. दुसऱ्याला इंजिन खोकलं. तिसऱ्याला लागलं.

"हीच द्या."

"ही उंच फांद्यांना पुरणार नाही," शेंडेवाला म्हणाला.

"मग त्या राहतील."

परतताना गाडी तीच चालवत होती. तो खिडकीबाहेर बघत होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "मला आधी सांगायचंस."

"मलाच कुठे ठाऊक होतं? आणि सांगितलं असतं तर तुम्ही आलाच नसता."



पहिलं काम एका निवृत्त शिक्षिकेच्या अंगणात निघालं. तो खुर्चीवर बसून सूचना देत होता. इंजिनाच्या आवाजात तिला एकही ऐकू येत नव्हती. एका जाड फांदीत साखळी अडकली. तिने इंजिन बंद केलं. दांडा धरून ओढावा तर फांदी वाकते, सोडावा तर करवत लटकते. ती नुसतीच उभी राहिली. रडू येईल असं वाटलं, पण त्याचाही कंटाळा आला होता.

"ओढू नकोस," तो खुर्चीवरून म्हणाला. आवाज आता शांत होता. "फांदी खाली बसली म्हणून साखळी चिमटलीय. त्या भिंतीजवळच्या शिडीचं टोक खालून लाव आणि फांदीला थोडं उचल. पुढच्या वेळी आधी खालून जरासा घाव घाल, मग वरून काप."

तिने शिडीने फांदी रेटली. करवत सुटली.

काम संपल्यावर शिक्षिका वर बघत म्हणाल्या, "आणि त्या शेंड्याकडच्या?"

बायको काही बोलायच्या आत तो म्हणाला, "त्यांच्यासाठी चढणारा माणूस लागेल. ओळखीचा एक आहे, नंबर देतो." नंबर सांगताना त्याने मान वर केली नाही.

घरी आल्यावर तिच्या हातांतली इंजिनाची थरथर जात नव्हती. चहाचा कप बशीवर वाजत राहिला. त्याने तो तिच्या हातातून घेतला, टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "निवू दे जरा." मग काठी टेकत अंगणात गेला आणि उद्यासाठी साखळीला कानस लावत बसला. आतून तिला कानशीचा आवाज येत होता. तो थांबेपर्यंत जागं राहायचं तिने ठरवलं होतं, पण बसल्या जागीच तिचा डोळा लागला.