मागच्या दाराचा हिरवा कोपरा

भेस्तानच्या आमच्या रो-हाउसला मागे एक लांबट अंगण आहे. त्यात कोटा फरशी टाकलेली आहे आणि आषाढ लागला की ती हिरवी होते. त्यात नवल काही नाही. सुरतेच्या पावसात दाराशी टाकलेलं पायपुसणंसुद्धा हिरवं होतं. त्या वर्षी नवल वेगळंच होतं. सगळं अंगण घासून लख्ख केलं तरी कढीपत्त्याच्या झाडाजवळचा कोपरा दोन-चार दिवसांत पुन्हा हिरवा व्हायचा, आणि बाकीच्या फरश्या मात्र जशाच्या तशा राहायच्या. बरं, तो कोपरा सावलीतला म्हणावा, तर ढग हटले की दुपारचं ऊन सगळ्यात आधी तिथंच येतं. मी शाळेत विज्ञान शिकवते. पाणी, सावली आणि खायला काहीतरी मिळाल्याशिवाय शेवाळ वाढत नाही, हे मुलांकडून घोकून घेते. तेव्हा त्या कोपऱ्याला कुणीतरी खायला घालत होतं, याबद्दल मला शंका नव्हती. प्रश्न कोण एवढाच होता.

एरवी मी एवढी मागे लागले नसते. पण माझी लेक पहिल्या बाळंतपणासाठी घरी आली होती. पहिल्या म्हणायचं, कारण त्याआधीच्या खेपेला हाती काही लागलं नव्हतं, आणि त्याबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही. आता तिला आठवा लागला होता. डॉक्टरीणबाईंनी सकाळ-संध्याकाळ थोडं चालायला सांगितलं होतं. पुढच्या रस्त्यावर चिखल, टेम्पो आणि रिक्षा, म्हणून ती मागच्या अंगणात येरझाऱ्या घालायची, एक हात कमरेवर ठेवून. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिच्या पायांकडे बघत राहायचे. भाजी करपली तरी मला पत्ता लागायचा नाही.

फरशी मी स्वतःच घासायचे. ब्लीचिंग पावडर कालवून ओतायची, थोडा वेळ मुरू द्यायची, मग तारेच्या ब्रशनं रगडायची, सांध्यातलं शेवाळ जुन्या उलथन्याच्या टोकानं खरवडून काढायचं आणि खराट्यानं पाणी गटाराकडे लोटायचं. एकदा नवऱ्यानं मदत म्हणून संडासाचं ॲसिड आणलं होतं. कोटा दगडावर ते पडलं की फेस येतो आणि दगड पांढरा पडतो. ते डाग अजून आहेत. बँकेतल्या माणसाला हे कुठून ठाऊक असणार, म्हणून मी सोडून दिलं, पण त्यानंतर ब्रश त्याच्या हाती दिला नाही.

पहिला संशय शेजारणीवर गेला. तिच्या पाणी शुद्ध करायच्या मशीनची बारीक नळी आमच्या सामाईक भिंतीवरून लोंबते. गुजराती बाई गोड बोलते, आणि गोड बोलणाऱ्या माणसाबद्दल मी जरा सावधच असते. मी तिला भिंतीवरूनच विचारलं. तिनं नळी उचलून दाखवली, मला हाताला धरून तिच्या अंगणात नेलं, ते पाणी कुंड्यांतून गटारात कसं जातं ते दाखवलं, आणि वर वाटीभर खमण दिलं. खमण चांगलं होतं. त्यामुळे माझा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

मग एका सकाळी कोपरा घासायला वाकले, तर आंबूस वास आला. बोट लावून बघितलं. फरशीवर पांढरट, चिकट असा पातळ थर होता. ताक, किंवा ताकासारखं काहीतरी. माझ्या मनात पाल चुकचुकली. आठव्या महिन्यातली मुलगी घरात, आणि तिच्या चालायच्या वाटेवर कुणीतरी दह्यादुधाचं काही आणून टाकतंय. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. वर्गात मी लिंबू-मिरचीची टर उडवते. तरीही मी ती फरशी त्या दिवशी दोनदा धुतली, आणि लेकीला सांगितलं की आज गच्चीत चाल. तिनं कारण विचारलं तेव्हा मी तिच्यावर ओरडले.

सासूबाई त्या वेळी मागच्या दारात पाटावर बसून कानबाई या देवीच्या पूजेचे गहू निवडत होत्या. श्रावण तोंडावर आला होता. त्या धुळ्याकडच्या. सासरे लिंबायतला कापडाच्या लूमवर होते तेव्हा त्यांच्याबरोबर त्या सुरतेला आल्या, पण बोलणं अजून अहिराणीच. तो पाट त्यांनी लेक आल्यापासून दारातच ठेवला होता, आणि त्याचा मला राग यायचा. कारण पोरगी चालायला लागली की या तिला हाका मारायच्या. पाणी दे, चष्मा बघ, गव्हातला हा खडा आहे का सांग. अवघडलेल्या पोरीला निम्म्या वाटेवरून माघारी बोलवायच्या. मी एकदा नवऱ्याकडे तक्रार केली, तर तो म्हणाला की म्हातारीला नातीशी बोलायचं असतं. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीचं असं एक सोपं उत्तर असतं.

ताकाचा माग लावायला वेळ लागला नाही. ताक मीच घुसळते, आणि त्याचं भांडं रोज माझ्या अंदाजापेक्षा लवकर रिकामं होत होतं. मी लेकीला विचारलं. तिला ताकाच्या वासानंही मळमळायचं. नवरा ताक पीत नाही. उरल्या सासूबाई, आणि त्यांना गुडघ्यांमुळे आंबट वर्ज्य. मी हिशेब जुळवला आणि मला भीती वाटली. मी स्वतःशी स्पष्ट म्हणाले, की ही म्हातारी माझ्या लेकीच्या वाटेत निसरडं करतेय. का, ते मात्र सुचेना.

त्या आठवड्यात पावसानं पाणी भरलं म्हणून शाळा लवकर सुटली. मी पुढच्या दारानं आत आले तेव्हा घर शांत होतं, लेक झोपली होती. मागचं दार उघडं होतं. सासूबाई भिंतीला धरून कोपऱ्यापाशी उभ्या होत्या. हातात तांब्या. तांदळाच्या धुवणात ताक मिसळून त्या फरशीवर हळूहळू ओतत होत्या, कडेकडेनं, सगळीकडे सारखं पोचेल असं.

मी ओरडले नाही. तांब्या काढून घेतला आणि म्हणाले, "आई, ती पडली असती तर?"

त्या माझ्याकडे न बघता पाटावर येऊन बसल्या. मला वाटलं आता रडतील किंवा नाकारतील. दोन्ही केलं नाही.

"पडती कशी? म्हनीसन ते आठे बठस मी. ती तिकडे वळनी का हाक मारस," त्या म्हणाल्या. मग गुडघे चोळत, "शेवाळं ऱ्हास ते कोनी पाय ठेवत नही तठे."

मी विचारलं, की तिथं पाय का ठेवायचा नाही. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मला खरंच ठाऊक नाही, हे त्यांना माझ्या तोंडावरून कळलं असावं.

"तठे रोटनं पानी जिरेल शे," त्या म्हणाल्या. "इतला वरीसनं. तू वर फरश्या टाकी दिन्यात. आते दोन जीवनी पोर त्यावर चालस. माले झोप येत नही."

खानदेशी घरात श्रावणात कानबाई बसते, तेव्हाच्या खास पुऱ्यापोळ्यांना रोट म्हणतात. ते फक्त त्या कुळानं खायचे. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही ते देत नाहीत, कारण ती आता दुसऱ्या कुळाची. खाऊन हात धुतलेलं पाणी मोरीत सोडायचं नाही, एका ठरावीक जागी मातीत जिरवायचं, आणि त्या जागेवर कुणाचा पाय पडू द्यायचा नाही, नाहीतर ते बाधतं. रोट मी दरवर्षी खात आले. पण माझं माहेर पुण्याकडचं, आमच्यात हे काही नाही. ताटाचं पाणी घेऊन त्या अंगणात जायच्या तेव्हा मी पुढची भांडी घासत असायचे. झाडाला घालत असतील, असं मी धरून चालले होते. आणि त्याच वर्षी उन्हाळ्यात त्या भाच्याच्या लग्नाला गावी गेल्या असताना आम्ही अंगणात फरशी टाकून घेतली. चिखल नको म्हणून. कोपरा न सोडता, भिंतीपर्यंत.

त्या परत आल्या तेव्हा दारात उभ्या राहून त्यांनी एवढंच विचारलं होतं, की हे कुणी सांगितलं करायला. मी मोठ्या कौतुकानं म्हणाले होते, "मीच."

"मग तेव्हा का नाही बोललात?" मी विचारलं.

"माले वाटनं, तुले कानबाईच नको व्हती."

म्हणजे मी ताकाचा माग लागल्यापासून त्यांच्यावर पाळत ठेवून होते, आणि त्या फरशी पडल्यापासून माझ्यावर. मी खिडकीतून, त्या दारातून, एकाच पोरीच्या पायांकडे बघत. मला हसू आलं आणि संतापही आला. संताप जास्त. निसरडं करून राखण करायची, ही कुठली रीत, असं मी त्यांना सुनावलंही. त्यांनी ऐकून घेतलं आणि गव्हाचं सूप पुढे ओढलं.

रविवारी नवऱ्यानं कुणाकडून तरी पहार आणली आणि कोपऱ्यातल्या फरश्या उचकटल्या. खाली काळी, भुसभुशीत माती निघाली, तिच्यात गांडुळं होती. मी भोवतीनं विटा उभ्या रोवून आळं केलं आणि त्यात हळदीचे गड्डे लावले, म्हणजे कुणी चुकूनही आत शिरणार नाही. उरलेलं अंगण पुन्हा एकदा घासलं. त्यानंतर ते हिरवं झालं नाही. सासूबाईंनी पाट मात्र दारातून हलवला नाही, पण हाका मारणं बंद केलं. लेक न थांबता भिंतीपर्यंत चालत जायची आणि परत यायची.

कानबाई बसली. लेकीनं लांब बसून वरणभात खाल्ला. तिला वाईट वाटलं, आणि ते तिनं बोलूनही दाखवलं. सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, रोट काही दिला नाही. आमचं खाणं झाल्यावर त्यांनी सगळ्यांच्या हातांवर ताटात पाणी घातलं आणि उठायच्या आधी ते ताट माझ्याकडे सरकवलं. म्हणाल्या, "आते तू जाय."

ताट भरलेलं होतं. मी दोन्ही हातांनी सांभाळत, एकेक पाऊल टाकत अंगणातून कोपऱ्याकडे गेले. फरशी ओली होती पण पाय कुठं सरकला नाही. हळदीच्या आळ्यात पाणी ओतायला वाकले तेव्हा मागे पाट सरकल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं. मी नेमकं कुठं ओततेय ते बघायला सासूबाई भिंत धरून दारात येऊन उभ्या होत्या.