चपटा डक्ट आणि आईची खोली

आमच्या शास्त्री नगरातल्या सोसायटीच्या सेक्रेटरीचा मला अजून राग येतो. स्वतःचाही येतो, पण त्याची मला सवय आहे.

गेल्या उन्हाळ्यात अकोल्याचं घर बंद करून आई आमच्याकडे, इकडे हिंदी मुलखात, कायमची राहायला आली. तिच्या खोलीच्या खिडकीत कूलर लावायला सोसायटीची मनाई, म्हणून मी तो गच्चीवर ठेवला आणि भिंतीवरून पत्र्याचा चौकोनी डक्ट, म्हणजे हवेची नळी, खाली तिच्या खोलीत आणायचं ठरवलं.

"भाईसाहब, इतना मोटा डब्बा? शोभा बिगड़ेगी," सेक्रेटरी म्हणाले. "चपटा करवाइए. एरिया उतना ही रखिए, हवा भी उतनी ही आएगी."

मी सीतापुऱ्याच्या कारखान्यात हवा तापवायची यंत्रं बनवतो. नळी चपटी केली की तेवढ्याच हवेला जास्त पत्रा भिडतो, हवा आत घुसळली जाते आणि पत्र्याची उष्णता भराभर उचलते, हे नव्या पोरांना मीच शिकवतो. त्या क्षणी मला हे सगळं आठवलं. आणि मी म्हणालो, "जी, बिल्कुल."

मे महिन्यात त्या भिंतीवर दिवसभर ऊन. गच्चीवरून निघालेली गार हवा आईच्या खोलीत पोचेपर्यंत भाजून निघायची.

"काहून रे, कूलर लावला का चूल पेटवली?" आईने विचारलं.

"अहो, कारखान्यात याला बक्षीस मिळालं असतं," बायको म्हणाली.

तिसऱ्याच दुपारी आईने कपाटावरची बॅग खाली काढायला लावली. "मी जाते बाप्पा अकोल्याले." त्या बंद घरात, एकटी!

मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये गेलो. पत्रा, घुसळण, उष्णता, सगळं तळमळून समजावलं. "मतलब?" एकाने विचारलं. सेक्रेटरी म्हणाले, "पर रंग तो दीवार से मैच हो गया ना!" आणि यांच्या स्वतःच्या एसीचे डबे त्याच भिंतीवर दिवसभर गरम फुंकर मारत असतात. त्यांनी काही शोभा बिघडत नाही!

दुसऱ्या सकाळी मी डक्ट उतरवला आणि कूलर सरळ खिडकीत बसवला. दुपारी सेक्रेटरी घामाघूम होऊन भांडायला आले. आईने त्यांना कूलरसमोर बसवलं, पन्हं दिलं. गृहस्थ अर्धा तास हलले नाहीत.

तरी संध्याकाळी नोटीस आलीच: कूलर काढा, नाहीतर सोसायटी येऊन काढेल.

तोवर आईची बॅग कपाटावर परत गेली होती. मी उत्तर पाठवलं: कूलर काढायला जरूर या. भर दुपारी या, आणि का काढताय ते आईला स्वतः सांगा.

अजून कोणी आलेलं नाही.