फडक्यातली भाकर

आमच्या घरातलं पहिलं बी.ए. माझं. नांदेडला राहून केलं, आणि ते सांगताना मी अजूनही आवाज खाली घेत नाही. पुढं मला ईश्वरविज्ञान शिकायचं होतं. त्याला गावच्या मंडळीचं, म्हणजे आपल्या चर्चचं, पत्र लागतं. बिलोलीकडच्या आमच्या मंडळीत रिवाज असा, की पत्र मागणाऱ्यानं आधी रविवारी उपदेश करायचा. उपासना संपली की पंच तिथंच सतरंजीवर बसून प्रश्न विचारतात आणि मग ठरवतात.

येशूनं पाच भाकरींत पाच हजार लोकांना जेवू घातलं, तो बायबलमधला उतारा मी घेतला. एका जुन्या पुस्तकात वाचलं होतं, की यात चमत्कार काही नव्हता. लोकांनी आपापली शिदोरी लपवली होती. येशूनं होतं ते वाटायला काढलं, तसे सगळे वरमले आणि ज्यानं त्यानं आपलं फडकं सोडलं. माणसातला चांगुलपणा जागा झाला, तोच देव. शिकलेल्या माणसाला पटेल असं बोलले, याचं मला समाधान होतं.

पंचांत माझी चुलती होती. रोजानं सोयाबीन काढायला जाणारी, सहीच्या जागी अंगठा देणारी.

"समद्यांच्या फडक्यात भाकर व्हती म्हणतीस?"

"हाव काकू. अभ्यासकांचं तसं मत आहे."

"आमच्या नव्हती. दुष्काळात समदे उपाशीच ह्याच देवळात बसलो व्हतो. लपवायला बी काही असावं लागतंय, पोरी. मंग त्या दिशी देव आलाच न्हाई म्हण."

पंचांनी महिन्यानं परत उपदेश करायला सांगितलं. पत्र महिनाभर लांबलं. घरी येऊन मी अडाणी लोकांच्या नावानं बरंच बोलले. आईनं एवढंच सांगितलं, की त्या दुष्काळात मी तिच्या पोटात होते.

काकूला गप्प करायचं म्हणून पाळकसाहेबांकडून पुस्तकं आणली. त्यात युरोपातल्या, पुढं नवसनातनी म्हटल्या गेलेल्या ख्रिस्ती पाळकांबद्दल होतं. तेही माझ्यासारखेच, माणसाच्या चांगुलपणावर भरवसा ठेवणाऱ्या उदारमतवादी ईश्वरविज्ञानावर वाढलेले. मग पहिलं महायुद्ध आलं आणि त्यांच्याच प्राध्यापकांनी त्याला पाठिंबा दिला. रविवारी लोकांपुढं उभं राहून बोलायचं काय, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी लिहिलं, की देव म्हणजे आपल्याच चांगुलपणाचं दुसरं नाव नव्हे. तो आपल्याहून वेगळा आहे, आधी तो बोलतो, आणि आपले हात रिकामे असतात. बायबलचा चिकित्सक अभ्यास त्यांनी टाकून दिला नाही, हे मला बरं वाटलं. पण काकूविरुद्ध एक ओळ सापडली नाही.

महिन्यानं तोच उतारा परत घेतला. भाकरी कशा वाढल्या ते मला ठाऊक नाही, असं सरळ सांगितलं. मागच्या वेळी लोकांकडं काय होतं त्यावरच मी सगळी भिस्त ठेवली, ते चुकलं, हेही सांगितलं. हात रिकामे असले तरी देव आधी येतो, एवढं म्हणाले. सगळ्यांसमोर चूक कबूल करणं मला जड गेलं.

काकूनं विचारलं, "हे बी पुस्तकातच हाय का?"

"हाव."

"मंग आधी तेच वाचायचं की," म्हणाली, आणि शाईचं पॅड पुढं ओढून पत्रावर पहिला अंगठा तिनं दिला.